सोळा पानांची दिंडी : आपल्या चित्रविभागाची हकिकत



या ग्रंथाच्या मधोमध जाड, गुळगुळीत कागदाची सोळा पानं शिवलेली दिसतील. ग्रंथ हातात आल्या आल्या बहुतेक माउली तीच पानं आधी उघडतील आणि आपल्या आजोबांचा, आत्याचा, नाहीतर स्वतःचा चेहरा शोधतील, हे आम्ही धरूनच चाललो आहोत. चेहरा सापडला नाही तर पहिला प्रश्न येणार, "आमच्या म्हाताऱ्याला का वगळलं?" सापडला तर दुसरा, "येवढासाच का?" म्हणून ही पानं कशी लागली, कोणता फोटो कुठे बसला आणि का बसला, हे शताब्दी समितीच्या वतीनं इथे लिहून ठेवतो. आपल्या दिंडीत शंभर वर्षांत फोटो कुणाचे निघाले आणि कुणाचे निघालेच नाहीत, हाही दिंडीचा इतिहासच आहे. तो दुसऱ्या कुठल्या लेखात येणार नाही.

सोळाच पानं का, हे आधी सांगतो. छापखान्यात मोठ्या तावाच्या दोन्ही अंगांना मिळून सोळा पानं छापतात, मग ताव घडी घालून कापतात. त्याला फॉर्मा म्हणतात. सतरावं पान पाहिजे तर नवा फॉर्मा घ्यावा लागतो, आणि या आर्ट पेपरचा भाव ऐकून आमच्या खजिनदारांनी हात जोडले. सोळा तर सोळा.

आता थोडं मागं जाऊ. आपल्या घरांत ज्या जुन्या स्मरणिका आहेत, मग त्या देवस्थानाच्या असोत, सोसायटीच्या असोत की शाळेच्या, त्या एकदा उघडून पाहा. पहिल्या पानावर महाराजांचा फोटो, दुसऱ्यावर अध्यक्षांचा, मग उपाध्यक्ष, चिटणीस, आणि पुढे देणगीदार, देणगीच्या आकड्याप्रमाणे लहान-मोठे. हा रिवाज नुसत्या मानापानातून आलेला नाही. खिळ्यांच्या छपाईच्या काळात मजकूर जुळारी शिशाचे खिळे एकेक उचलून जुळवायचा, पण फोटो काही खिळ्यांनी जुळत नाही. त्यासाठी जस्ताच्या पत्र्यावर बारीक ठिपक्यांचा ब्लॉक करून घ्यावा लागे आणि ब्लॉकचे पैसे चौरस इंचावर मोजले जात. म्हणजे फोटो जेवढा मोठा तेवढं बिल मोठं, आणि बिल भरणाऱ्याचा फोटो सगळ्यांत मोठा. वीणेकऱ्याच्या ब्लॉकचे पैसे कोण भरणार? पुढे ऑफसेट आलं, संगणक आला, आता मोठ्या फोटोला आणि लहान फोटोला खर्च सारखाच. तरी मांडणी मात्र ब्लॉकच्या काळातलीच राहिली. ती या ग्रंथात मोडायची, हे समितीच्या पहिल्याच बैठकीत ठरलं. देणगीदार मंडळींचे फोटो ग्रंथाच्या शेवटी, जाहिरातींच्या आधी, सन्मानानं घेतले आहेत. दोघे-तिघे त्यावरून रुसले. वारीला निघाल्यावर रुसवा दिवे घाटापर्यंतसुद्धा टिकत नाही, हा आमचा अनुभव आहे.

फोटो ओळीनं लावून त्यातून गोष्ट सांगायची, याला शहरातली मंडळी फोटोनिबंध म्हणतात. छापील जगात ही रीत युरोप-अमेरिकेतल्या सचित्र साप्ताहिकांनी रूढ केली. अमेरिकेतलं 'लाइफ' हे साप्ताहिक १९३६ साली या नव्या रूपात निघालं. त्यात १९४८ साली युजीन स्मिथ या फोटोग्राफरनं खेड्यातल्या एका डॉक्टरची कामाची धावपळ अशीच चित्रांतून मांडली, ती आजही नमुना म्हणून दाखवतात. पण चित्रामागून चित्र दाखवत कथा पुढे न्यायची ही गोष्ट आपल्याला परकी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर समाजातले चित्रकथी काय करत आले? रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं कागदावर काढायची, दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवायचे, त्यांचा गठ्ठा बांधायचा आणि त्याला पोथी म्हणायचं. मग लोकांपुढे बसून एकेक चित्र उभं धरायचं, गात गात प्रसंग सांगायचा आणि चित्र पालटायचं. पुढचं चित्र कधी दिसणार हे कथा सांगणाऱ्याच्या हातात. आमच्या हातात पान उलटण्याची तेवढी जागा आहे, म्हणून उजव्या पानावर काय ठेवायचं आणि पान उलटल्यावर समोर काय यावं, यावर आम्ही सगळ्यांत जास्त वेळ घालवला.

फोटो गोळा करायला गावोगाव फिरलो. भिंतीवरच्या फ्रेमा, ट्रंकेतले अल्बम, पोथीत ठेवलेले सुटे फोटो, रेशनकार्डाच्या पिशवीतले फोटो, सगळं पाहिलं. आषाढातली वारी म्हणजे पावसातली वारी, त्यामुळे पाणी लागलेले, बुरशी आलेले, काचेला चिकटलेले फोटो फार निघाले. (काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, माउली. काचेसकट त्याचा फोटो काढून घ्यावा.) मूळ फोटो कुणाचाही ठेवून घेतला नाही. घरातच पुढून आणि मागून दोन्ही बाजूंचं स्कॅन केलं. मागची बाजू आवर्जून घेतली, कारण खरा इतिहास पुष्कळदा तिथेच असतो: स्टुडिओचा जांभळा शिक्का, कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेली नावं, एका ठिकाणी तर मोडीत चार शब्द. मोडी जाणणाऱ्या एका गुरुजींनी ते वाचून दिलं, "वाल्हे मुक्कामी दिंडीतील मंडळी". एवढ्या चार शब्दांमुळे त्या फोटोची जागा ठरली.

कारण आम्ही पानं लावली ती मुक्कामांप्रमाणे, सालांप्रमाणे नाही. सालवार मांडणीचा विचार आधी झाला होता. शताब्दीचा ग्रंथ म्हटल्यावर तेच कुणालाही सुचेल. पण फोटो सालवार टेबलावर पसरल्यावर दिसलं ते असं: दिंडीच्या पहिल्या तीस वर्षांचे फोटो एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, आणि गेल्या दहा वर्षांतले मोबाइलवरचे इतके की मोजता मोजता डोळे दुखावेत. सालवार लावलं असतं तर दिंडी जणू दहा वर्षांपूर्वी सुरू झाली असं पोराबाळांना वाटलं असतं. शिवाय दिंडीला साल कुठं असतं? ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान, मग पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि पंढरी. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या सोहळ्याला जी शिस्त घालून दिली, तिच्यात आपल्या पणज्यांनी पाय टाकले आणि आपणही टाकतो. वाट तीच, माणसं बदलत गेली. म्हणून पानंही वाटेची केली. एका मुक्कामाच्या पानावर साठ वर्षांपूर्वीचा फोटो आणि परवाचा फोटो शेजारी शेजारी बसले आहेत.

याचा एक फायदा पानं लागल्यावरच कळला. शेजारी ठेवलेल्या दोन फोटोंतून जे बोलतं ते लिहून सांगावं लागत नाही. लोणंदच्या पानावर डावीकडे बैलगाडी आहे, जुवाला कंदील टांगलेला. उजवीकडे दिंडीचा ट्रक, ताडपत्री आणि मागे टँकर. फलटणच्या पुढच्या रस्त्याचे दोन फोटो आहेत. एकात दोन्ही बाजूंनी वडाच्या फांद्या एकमेकींना भिडल्यात आणि टाळकरी सावलीतून चाललेत. दुसरा चौपदरी पालखी महामार्गाचा. या कामाचं भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ ला झालं. रस्ता प्रशस्त आहे, गर्दीत चेंगरण्याची भीती कमी झाली आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण दुपारच्या विसाव्याला वडाखाली टेकणारी म्हातारी माणसं आता कुठे टेकतात, ते त्या दोन फोटोंकडे पाहून ज्यानं त्यानं ठरवावं.

एकेका पानावर फोटो कसे बसवले तेही सांगतो. डमी म्हणजे कोऱ्या कागदांची सोळा पानांची वही शिवून घेतली आणि फोटोंच्या झेरॉक्स कापून तिच्यावर ठेवून पाहिल्या. संगणकावर बसण्याआधी हेच बरं पडतं, कारण जमिनीवर वही ठेवली की सगळ्यांना वाकून बघता येतं आणि बोटानं फोटो सरकवता येतो. सगळे फोटो एकाच मापाच्या चौकटींत बसवावेत, म्हणजे कुणाचं मन दुखणार नाही, असं काहींचं म्हणणं होतं. तसं एक पान करून पाहिलं तर ते मतदार यादीसारखं दिसू लागलं. नजर कुठेच थांबेना. म्हणून प्रत्येक जोडपानावर एक फोटो मोठा आणि बाकीचे त्याच्या आधारानं लहान, असं धोरण ठेवलं. मोठा कोणता? ज्यात माणूस काहीतरी करतो आहे तो. कॅमेऱ्याकडे बघत उभे राहिलेल्यांचे फोटो लहान घेतले, मग उभे राहणारे कुणीही असोत.

दिवे घाटाचा वरून घेतलेला लांबलचक फोटो दोन पानांवर पसरला आहे. घाटाच्या वळणावळणानं पताका चढताहेत, खाली मुंगीएवढी माणसं. जोडपानावर फोटो पसरताना मधली शिवण दोन्हीकडचा बोटभर भाग गिळते. आपले वीणेकरी नेमके त्या फोटोच्या मध्यावर होते. फोटो तसाच ठेवला असता तर वीणा शिवणीत गेली असती आणि ग्रंथ कितीही ताणून उघडला तरी दिसली नसती. म्हणून फोटो डावीकडे सरकवला, डावीकडचं थोडं आभाळ गेलं आणि वीणेकरी डाव्या पानावर आले.

चालण्याच्या दिशेचाही प्रश्न निघाला. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. दिंडीही त्याच दिशेनं चाललेली असली की पान उलटताना ती पुढे गेल्यासारखी वाटते. पण फोटोग्राफर रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला उभा असला तर दिंडी उजवीकडून डावीकडे जाताना दिसते. मांडणी करणाऱ्या तरुणानं सांगितलं, "संगणकावर आरशासारखा उलटा करतो, एका मिनिटाचं काम." केलाही. आमच्यातल्या जुन्या मृदंगवादकांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "आरं, ह्येनं शाई डाव्या हाताला घेतलीया आन् धुम उजव्या. आसा कोण वाजवतो?" लुगड्यांचे पदरही उलट्या खांद्यावर गेले होते. तेव्हा फोटो सुलटाच घेतला आणि उजव्या पानावर ठेवला. तिथे उजवीकडून डावीकडे चाललेली दिंडी शिवणीकडे, म्हणजे ग्रंथाच्या आत येताना दिसते. तेही वाईट दिसत नाही.

जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंत संगणकानं रंग भरण्याचीही सूचना आली. पताका भगवी होती हे माहीत आहे. पण तिच्यामागच्या बाईचं लुगडं हिरवं होतं की अंजिरी, हे आता कुणाला ठाऊक? ते ठरवणारे आपण कोण? फोटो होते त्या रंगातच छापले.

आता ज्या पानावर समितीत सगळ्यांत जास्त बोलणं झालं, त्याविषयी. तरडगावच्या पानावर, चांदोबाच्या लिंबाच्या उभ्या रिंगणाच्या फोटोंखाली, एक जुना ग्रुप फोटो आहे. पंचवीसेक मंडळी दोन रांगांत, पुढे पखवाज, मध्ये वीणा. उजव्या कडेला, रांगेपासून दोन हात अंतरावर, कंदील घेतलेला एक माणूस उभा आहे. फोटोच्या कडेनं त्याचा अर्धा चेहरा कापला आहे. जुनी माणसं सांगतात, त्यांनी वीसेक वर्षं दिंडीपुढे पहाटेचा कंदील धरला. ते जेवायला वेगळे बसत आणि निजायला गाडीखाली. फोटो पंढरीचं मंदिर सर्वांना खुलं होण्याच्या आधीचा आहे. साने गुरुजींचं पंढरपुरातलं उपोषण मे १९४७ मधलं. म्हणजे ज्या वाटेवर ते सगळ्यांना उजेड दाखवत गेले, त्या वाटेच्या शेवटी ते स्वतः महाद्वाराबाहेर थांबत.

फोटो पानात नीट बसावा म्हणून उजवी कड कापायची, असं मांडणीत सहज होऊन जातं. कडेची अर्धी माणसं कापली की फोटो स्वच्छ दिसतो, हा छापखान्याचा नेहमीचा नियम आहे. इथे तो लागू करायचा का? काही जणांचं म्हणणं, जुन्या गोष्टी आता उकरू नयेत, शताब्दी आनंदाची आहे. काही म्हणाले, उलट त्यांचा चेहराच मोठा करून स्वतंत्र छापा. मोठा करून पाहिला तर नुसते ठिपके उरले, डोळा कुठला आणि कंदिलाची काच कुठली हे कळेना. शेवटी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या घरात त्यांचा दुसरा फोटो नव्हता. हा फोटोही त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. सूनबाई आता सत्तरीच्या आहेत. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "व्हतं तसं छापा." तसंच छापलं आहे. एक कणही कापला नाही, आणि त्या उजव्या कडेला एरवीपेक्षा जास्त कोरा समास सोडला आहे. खालच्या ओळीत नावं उजवीकडून सुरू होतात.

नीरास्नान, गोल रिंगण, धावा यांच्या पानांविषयी फार सांगण्यासारखं नाही. असे फोटो सर्वांकडे असतात, आम्ही त्यांतले बरे निवडले. वाखरीनंतरचं पान मात्र रिकामं वाटेल. मंदिरात गाभाऱ्याचा फोटो कुणाकडेच नाही, आणि तो असायचंही कारण नाही. लाखो वारकरी कळसाचं दर्शन घेऊन परततात, तसा त्या पानावर वर फक्त कळस आहे आणि खाली नामदेव पायरीपाशी टेकलेली डोकी. त्याच्या शेजारी एक गमतीचा फोटो घेतला आहे. पंढरपुरातल्या स्टुडिओत विठ्ठल-रखुमाई रंगवलेल्या पडद्यापुढे आपल्या दिंडीतले दोघे भाऊ ताठ उभे आहेत, एकाच्या पायात वहाणा, दुसरा अनवाणी. वहाणांचा जोड दोघांत एकच होता, असं घरचे सांगतात.

पंधराव्या पानाबद्दल छापखान्यातून फोन आला होता, "पान कोरं सुटलंय, फोटो पाठवायचा राहिला का?" राहिला नाही. ते २०२० आणि २०२१ चं पान आहे. ३० जून २०२० ला माउलींच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या, दुसऱ्या दिवशी एकादशी झाली. पुढच्या वर्षीही पादुका बसनंच गेल्या. आपली दिंडी दोन्ही वर्षं गावातच राहिली. त्या पानाच्या मध्यावर एकच लहान फोटो आहे, देवळात खुंटीला टांगलेल्या वीणेचा. बाकी पान मुद्दाम कोरं आहे. त्या दोन वर्षांत गेलेल्या आपल्या मंडळींची नावं ग्रंथाच्या श्रद्धांजली विभागात आहेत.

सोळावं, शेवटचं पान अख्खं एका फोटोला दिलं आहे. तो आगफा क्लिक कॅमेऱ्यावरचा आहे. पूर्वी लग्नकार्याला, वारीला गावातला एखादा हौशी माणूस तो खांद्याला लावून यायचा. एका रोलवर बारा फोटो निघायचे, चौकोनी. रोल संपल्याशिवाय धुवायला देता येत नसे. त्या वर्षीचे अकरा फोटो महाराजांचे, पालखीचे, रथाच्या बैलांचे, पाहुण्यांचे आहेत. बारावा, रोल संपवायचा म्हणून, चुलवणाकडे वळून काढला. पाच बाया आहेत. एक परातीवर वाकून भाकरी थापते आहे, एक फुंकणीनं जाळ करते आहे, दोघी पिठाचं पोतं धरून आहेत, आणि पाचवी डोक्यावरचा हंडा उतरवता उतरवता कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे. धुरानं फोटोचा एक कोपरा पांढरा झाला आहे. भिशीच्या जुन्या वहीत पिठाचा, डाळीचा, सरपणाचा हिशेब पैशापर्यंत आहे. रांधणाऱ्या बायांची नावं त्या वहीत कुठेही नाहीत. शंभर वर्षांत आपल्या दिंडीच्या स्वयंपाकाचा जुना फोटो आम्हाला सापडला तो हा एवढा एकच.

चौकोनी फोटो उभ्या पानावर ठेवला की खाली जागा उरते. ती फोटोखालच्या ओळींना दिली. चौघींची नावं गावात विचारून मिळाली, ती माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही गावांसह दिली आहेत. हंडेवाल्या पाचव्या बाईंना अजून कुणी ओळखलेलं नाही. त्यांच्या नावापुरती जागा ओळीत मोकळी सोडली आहे. कुणाला ओळख पटली तर यंदा वाखरीच्या तळावर आपल्या तंबूत येऊन सांगावं. दिंडीच्या पेटीत ठेवलेल्या प्रतींत तरी ते नाव शाईनं लिहून घेता येईल.